बारीक अक्षरांतला निरोप

किनाऱ्यावरून निघणाऱ्यानं आधी बेटावरच्या घरी फोन करायचा, आणि घरातल्या कुणीतरी ‘ये’ म्हटल्याशिवाय गाडी रस्त्यावर घालायची नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. फोन भिंतीला टांगलेले असायचे तेव्हापासूनची. आमच्याकडे येणारा रस्ता खाजणातून जातो. ओहोटीला तो उघडा पडतो आणि भरतीला पाण्याखाली जातो. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, बंदरातल्या पाण्याचा आकडा कुणालाही कुठूनही बघता येतो, तरी रीत राहिली. आमच्या घरात ‘ये’ म्हणायचं काम रिगमोरचं होतं. रिगमोर माझी बायको. ती मार्चमध्ये गेली.

आकडा साधा असतो. त्याच्या आधी वजाची खूण असली तर पाणी नेहमीच्या पातळीच्या खाली आहे, अधिकाची असली तर वर आहे. वजा चाळीस म्हणजे रस्ता कोरडा. ओहोटीच्या वेळी अधिक चाळीस दिसलं तर समजायचं की ओहोटी लागलेलीच नाही. पश्चिमेच्या वाऱ्यानं पाणी अडवून धरलंय, आणि पुढची भरती त्याच्यावर चढणार आहे.

नोव्हेंबरात संत मॉर्टनच्या सणाच्या संध्याकाळी आमच्याकडे बदक भाजतात. रिगमोरशिवायची ही पहिलीच, म्हणून आमची मुलगी मारेन म्हणाली, “मी येते बाबा, आपण तिघं जेवू.” तिसरा म्हणजे आक्सेल, रिगमोरचा धाकटा भाऊ. शेजारच्या शेतावर एकटा राहतो. मारेनचा डावा घोटा मोडला होता, पायाला प्लास्टर होतं. पण तिची गाडी विजेवरची, त्यात डाव्या पायाला काही काम नसतं. काळोख पडायच्या आत पोचते म्हणाली होती.

दुपारी माझे दोन्ही हात बदकाच्या पोटात होते. सफरचंदाच्या फोडी आणि सुके आलुबुखार आत भरत होतो. आक्सेल टेबलाशी कॉफी पीत बसला होता आणि मला शिकवत होता.

“मीठ आतूनही लावायचं असतं.”

“लावलंय.”

“रिगमोर आदल्या दिवशी लावायची.”

“रिगमोर तुला स्वयंपाकघरात बसू देत नव्हती.”

“कारण मी बरोबर सांगायचो.”

तेवढ्यात माझा फोन वाजला. आक्सेलनं तो उचलून स्पीकरवर टाकला आणि टेबलावर आडवा ठेवला, म्हणजे मलाही ऐकू येईल.

“बाबा, मी किनाऱ्यावरच्या बांधापाशी आलेय,” मारेन म्हणाली. “रस्ता कसा आहे?”

“तुझ्या बाबाचे हात बदकात अडकलेत,” आक्सेल म्हणाला. “थांब, मामा बघतो.”

त्यानं स्वतःचा फोन काढला आणि हात लांब करून धरला. हनुवटी वर केली, डोळे बारीक केले, मग हात आणखी लांब केला.

“चष्मा घे,” मी म्हणालो.

“कुठला?”

हा प्रश्न बरोबर होता. रिगमोर होती तोवर वाचायचे चष्मे आमच्याकडे सगळीकडे असायचे. खिडकीत, रेडिओवर, संडासात, माझ्या कोटाच्या खिशात, आक्सेलच्या ट्रॅक्टरमध्येसुद्धा एक. ते अमक्याचे असे नव्हते. आमच्या वयाला सगळ्यांचा नंबर जवळपास सारखाच असतो, हाताला येईल तो घालायचा. ती गेल्यावर एकावर मी बसलो. एक होडीत वाकताना पाण्यात पडला. बाकीचे कुठे गेले ते मला सांगता येणार नाही. चष्मे विकत आणावे लागतात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण घरात जसं मीठ असतंच, तसे ते असतात असं मी धरून चाललो होतो.

“एक वर आहे, उशीपाशी,” मी म्हणालो.

“त्याच्यासाठी जिना चढू? मला दोन किलोमीटरवर बसलेला सील दिसतो.”

“सील मोठा असतो.”

“चाळीस,” आक्सेल म्हणाला. “वजा चाळीस. ये गं पोरी. तुझा बाप बदकाचे हाल करतोय, लवकर ये.”

“आलेच,” मारेन म्हणाली. तिचं हसू ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

आक्सेल खोटं बोलला नव्हता. त्याला चाळीस दिसलं होतं. त्या वेळी ओहोटी असते हे जन्म बेटावर काढलेल्या माणसाला कुठे बघावं लागत नाही. आकडा दिसला, खूण दिसली नाही, ती त्यानं मनानं घातली. किनाऱ्यावरच्या माणसाकडून असं झालं नसतं. त्याला ओहोटी पाठ नसते. तो मुकाट्यानं जिना चढला असता.

मी बदक भट्टीत घातलं, हात धुतले आणि बदकाची आतडी-काळीज मांजराला टाकायला मागच्या दारानं बाहेर गेलो. आमचं स्वयंपाकघर पूर्वेला तोंड करून आहे, तिथं वारा लागत नाही. घराच्या कोपऱ्यावरून वळलो तेव्हा तो तोंडावर आला. सकाळी दक्षिणेचा होता, आता सरळ पश्चिमेचा झाला होता आणि जोरात होता. आणि रानहंस आमच्या बेटाच्या बांधाच्या आत, गवतात बसले होते. सगळाच्या सगळा थवा. ओहोटीला ते चिखलात चरायला जातात. ते आत बसलेत याचा अर्थ बाहेर चिखल उघडा नाही.

मी आत पळालो. “आक्सेल, तुझा फोन दे.”

“का?”

“दे आधी.”

वर जाऊन चष्मा घातला. आकड्याच्या आधी अधिकाची खूण होती. आकडा आता चाळीस नव्हता, त्रेपन्न होता.

जिना उतरताना मला पायऱ्या दिसेनात, म्हणून चष्मा काढून अ‍ॅप्रनच्या खिशात टाकला. आक्सेल जिन्याखाली उभा होता. माझं तोंड बघूनच त्याला कळलं.

“वजा नाही?” तो म्हणाला.

“ट्रॅक्टर काढ.”

तो पळाला. मी मारेनला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. मग ११२ लावला. ते आकडे बोटांना चष्म्याशिवाय सापडतात.

पलीकडची बाई शांतपणे बोलत होती. “ती नक्की कुठे आहे?”

“रस्त्यावर असेल. खाजणातल्या.”

“असेल म्हणजे? तुम्हाला दिसतेय का?”

“नाही.”

“ती परत फिरली असण्याची शक्यता आहे का?”

“मला माहीत नाही.”

“हेलिकॉप्टर दुसऱ्या कामावर समुद्रात आहे. सुटलं की तुमच्याकडे येईल. तुम्ही जाऊ नका. तिच्याकडून काही कळलं तर लगेच सांगा. कुठे आहे एवढं कळलं तरी पुष्कळ होईल.”

मी हो म्हणालो. अ‍ॅप्रन काढून खुर्चीवर फेकला आणि बाहेर गेलो. आक्सेलचा ट्रॅक्टर फाटकाशी धडधडत होता.

बांधावरून खाली उतरलो तेव्हा उजेड अजून थोडा होता, राखाडी. रस्ता सुरुवातीला दिसत होता. मग तो पाण्यात गेला, आणि पुढे फक्त खांब दिसत होते, काटक्यांच्या जुड्या बांधलेले, दोन रांगांत, लांबपर्यंत. रस्त्याच्या मधल्या भागाला खोलवा आहे, तो बेटाच्या बाजूला लवकर सुरू होतो. किनाऱ्याकडचा भाग उंच आहे. किनाऱ्यावरून निघालेल्या माणसाला बराच वेळ कोरड्या खडीवरून गाडी चालवता येते. म्हणून तो फसतो.

“ती परत फिरली असेल,” आक्सेल म्हणाला. तो पुढे बघत होता. “पाणी दिसल्यावर परत फिरली असेल. शहाणी आहे ती.”

“तिला आपण ये म्हटलंय.”

“मी म्हटलंय,” आक्सेल म्हणाला. “तू नाही.”

ट्रॅक्टर पाण्यात शिरला. चाकं पाणी दोन्हीकडे फेकत होती. त्याच वेळी माझ्या खिशात फोन थरथरला.

“मारेनचा आहे,” मी म्हणालो. तिचा फोटो दिसतो, त्याला चष्मा लागत नाही. फोटोखाली ओळी होत्या. त्या मला मुंग्यांच्या रांगेसारख्या दिसत होत्या.

“वाच की!”

“चष्मा नाही.”

“आत्ता तर घातला होतास!”

“अ‍ॅप्रनमध्ये राहिला.”

आक्सेलनं एक शिवी दिली, ती इथे लिहीत नाही. मी हात वर करून केबिनच्या काचेच्या वरची फळी चाचपली. रिगमोरनं ट्रॅक्टरमधला चष्मा तिथंच ठेवलेला असायचा. हाताला धूळ लागली आणि एक गंजका बोल्ट.

“इथला कुठे गेला?”

“उन्हाळ्यात मोडला. गवताच्या वेळी.”

“मग दुसरा का नाही आणलास?”

“तू आणलास?”

त्यानं ट्रॅक्टर थांबवला. मला कळलं का थांबवला ते. त्याच्या पुढे पाणी खोल होत जातं. मारेन परत फिरली असेल, तर आम्हीही फिरायला पाहिजे होतं, त्याच घटकेला. ती पाण्यात अडकली असेल, तर पुढे जायला पाहिजे होतं, तेही त्याच घटकेला. काय ते माझ्या हातातल्या फोनवर लिहिलेलं होतं.

मी पुन्हा तिला फोन लावला. लागला नाही. घंटासुद्धा वाजली नाही.

“माझ्याकडे दे,” आक्सेल म्हणाला. त्यानं फोन लांब धरला, पण ट्रॅक्टरच्या खोक्यात हात किती लांब करणार? “दाराबाहेर धर. मी इथून बघतो.” मी दार उघडून हात बाहेर काढला. वाऱ्यानं दार माझ्या दंडावर आपटलं. पावसाचे थेंब फोनच्या काचेवर पडले.

“दिसतंय का?”

“हालवू नकोस!”

“मी हालवत नाही, वारा हालवतोय.”

“नाही दिसत. मोठं कर. मारेन करते तसं, दोन बोटांनी.”

मी फोन आत घेतला आणि दोन बोटांनी ताणला. बोटं ओली होती. निरोप गेला आणि पडद्यावर कुठलासा नकाशा आला, निळा, त्यावर ढग फिरत होते.

“काय केलंस?”

“मला काय माहीत!”

“मागे जा. खाली बाण असतो.”

“बाण मला दिसत नाही, आक्सेल!”

मी शर्ट वर ओढून आतल्या बनियनला पडदा पुसला, अंगठा पुसला. मग सावकाश, बोट कुठे लागतं ते बघत बघत, मागे आलो. मारेनचा फोटो दिसला. खाली मुंग्या. पाणी आता ट्रॅक्टरच्या पायरीला लागत होतं, तो आवाज मला ऐकू येत होता.

रिगमोर चष्मा विसरून दुकानात गेली की एक गोष्ट करायची. तर्जनी दुमडून तिच्या घडीत बारीक भोक ठेवायची आणि त्यातून डब्यावरची किंमत वाचायची. मी तिला हसायचो. म्हणायचो, लोकांना वाटेल तू पारध करतेयस. ती म्हणायची, हसू नकोस, करून बघ. मी कधी करून बघितलं नव्हतं.

मी तर्जनी दुमडली, डोळ्याला लावली आणि फोन जवळ आणला.

अक्षर दिसलं. एकच. अंधुक, पण काळं आणि नीट. बोट जरा सरकवलं की पुढचं.

“इंजिन बंद कर. थरथरतंय.”

“बंद केलं तर परत सुरू होईल याची खात्री नाही.”

“मग धरून ठेव मला.”

त्यानं माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं, आणि मी वाचायला लागलो. मोठ्यानं, शाळेतल्या पोरासारखं. ग. गा. गाडी. मग मोकळी जागा. ब. बंद. भोक सरकलं आणि ओळ हरवली. पुन्हा पहिल्यापासून. गाडी बंद पडलीय.

“पुढे.”

“थांब.”

“ती कुठे आहे ते वाच! बंद पडली ते कळलं. ती चालत परत गेली का?”

“प्लास्टर घालून कशी चालेल?”

“ती कुबडी घेऊन चालते. वाच.”

ट. टप. टपावर. टपावर बस. बसले. तेवढ्यात पडदा काळा झाला. मी बोट लावलं तर फोन अंगठा मागायला लागला, आणि ओला अंगठा त्याला ओळखू येईना. मग त्याला आकडे हवे होते. आमच्या लग्नाची तारीख. ती मी दोनदा चुकलो.

“टपावर बसले,” मी म्हणालो. “एवढं पुरे. चल.”

“पुढे आणखी लिहिलंय ना?”

“आक्सेल, ती टपावर बसलीय. चल!”

त्यानं गिअर टाकला. मी ११२ लावला आणि त्या बाईला सांगितलं, ती गाडीच्या टपावर आहे, रस्त्यावर. ती म्हणाली, “हो, हे कळलंय आम्हाला. तुम्ही कुठे आहात?” मी सांगितलं. ती म्हणाली, “तिथून मागे फिरा.” मी फोन खिशात ठेवला.

पाण्यात रस्ता दिसत नाही. दोन खांबांच्या बरोबर मधून जायचं आणि पुढच्या जोडीवर डोळा ठेवायचा, एवढंच करता येतं. आक्सेल पुढे वाकून चालवत होता. वारा डावीकडून होता आणि ट्रॅक्टर मधूनमधून उजवीकडे ढकलला जायचा, मग आक्सेल त्याला परत आणायचा. एका ठिकाणी पुढची चाकं हलकी झाल्यासारखी वाटली. इंजिन खोकलं. मी स्वतःला पहिल्यांदा विचारलं की आम्ही बुडालो तर बदकाची भट्टी कोण बंद करणार. माणूस अशा वेळी काहीही विचार करतो.

“ती बघ,” आक्सेल म्हणाला.

मला काही दिसत नव्हतं.

“उजेड आहे. खांबांच्या उजवीकडे. गाडी रस्त्यावरून खाली गेलीय. आडवी झालीय. ती वर आहे. हात हलवतेय.”

“नक्की?”

“नक्की. लाल कोट.”

थोड्या वेळानं मलाही उजेड दिसला. गाडीचे दिवे पाण्याखालून लागलेले होते, हिरवट. मारेन टपावर बसली होती, प्लास्टरचा पाय पुढे, कुबडी मांडीवर आडवी धरलेली. गाडी हळूहळू गोल फिरत होती. तळ अजून कुठेतरी टेकत होता म्हणून वाहून गेली नव्हती.

आक्सेलनं ट्रॅक्टर जाता येईल तितका कडेला नेला. “याच्या खाली मी जात नाही. खाली चिखल आहे, रुतलो तर तिघंही गेलो.”

मधे अंतर उरलं. फार नव्हतं, पण प्लास्टर घातलेल्या बाईला उडी मारता येईल इतकं कमीही नव्हतं.

“बाबा, उतरू नकोस!” मारेन ओरडली.

मी उतरलो. पाणी कमरेच्या वर होतं. थंडीनं माझा श्वास अडकला आणि काही वेळ तो परत येईना. पायाखाली आधी खडी होती, मग उतार, मग मऊ. एका हातानं मी ट्रॅक्टरच्या मागची साखळी धरली होती. आक्सेलनं ती सोडून दिली होती, तिचं दुसरं टोक ट्रॅक्टरलाच होतं. मारेननं कुबडी पुढे केली. मी तिचं टोक पकडलं.

“सरकत ये. बसूनच. पाय आधी.”

“मला पोहता येणार नाही याच्यात.”

“पोहायचं नाही. माझ्या मानेला धर.”

“तू पडशील.”

“मारेन!”

ती आली. तिचं वजन अंगावर पडलं आणि मी गुडघ्यांवर गेलो. खारं पाणी तोंडात आलं. मान तिनं इतकी घट्ट धरली होती की मला आवाज काढता येईना. साखळी हातात होती. आक्सेल दारातून लोंबकळत होता, एक पाय आत ब्रेकवर ठेवून, आणि त्यानं तिच्या कोटाची कॉलर पकडली.

“पोरी, वर! वर ये! मोठी झालीस गं, वजन बघ तुझं.”

“गप बस मामा,” मारेन म्हणाली. तेव्हा मला वाटलं, वाचलो.

खोलवा आमच्या मागे होता, म्हणून आम्ही किनाऱ्याकडे गेलो. मारेन माझ्या मांडीवर, माझं डोकं छताला लागलेलं, खोक्यात तिघांचा श्वास. पाणी कमी होत गेलं, मग खडी दिसली, मग बांध. बांधावर दोन माणसं विजेऱ्या घेऊन उभी होती. वर हेलिकॉप्टर आलं, आमच्यावर उजेड टाकला, जरा वेळ थांबलं आणि परत फिरलं.

बांधाजवळच्या पहिल्याच घरात गुद्रुन राहते. ती आम्हा सगळ्यांना ओळखते, बेटावर येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ओळखते. तिनं मला तिच्या नवऱ्याची विजार दिली, मारेनला रजई दिली, कॉफी ठेवली, डॉक्टरला फोन केला आणि मी म्हणालो म्हणून बेटावर फोन करून आमची भट्टी बंद करायला लावली. कुणालाही काही विचारलं नाही. आक्सेल चुलीपाशी खुर्चीत बसला.

“मला अधिकाची खूण दिसली नाही,” तो मारेनला म्हणाला. “मी चष्मा घेतला नाही. मला वाटलं, ओहोटी आहे.”

“मला कळलं ते,” मारेन म्हणाली. “पाण्यात शिरल्या शिरल्या कळलं.”

“तुझ्या आईनं असं केलं नसतं.”

“नसतं केलं,” मारेन म्हणाली.

माझा फोन अजून चालू होता. गुद्रुनच्या गळ्यात दोरीला चष्मा होता. मी मागितला. तिनं दोरीसकट काढून दिला.

निरोप असा होता. “गाडी बंद पडलीय. टपावर बसलेय. ११२ ला कळवलंय, ते येताहेत. बाबा, तू येऊ नकोस. मामालाही येऊ देऊ नकोस. आई गेली तेवढं या वर्षाला पुरे.”

मी तो पुन्हा एकदा वाचला.

“काय लिहिलंय?” आक्सेलनं विचारलं.

मी त्याला चष्मा दिला. त्यानं दोरी गळ्यात अडकवली, चष्मा नाकावर ठेवला आणि फोन हातात घेतला. ओठ हलवत वाचत होता. वाचून झाल्यावरही बघत राहिला.

“वाचलं का शेवटी?” मारेननं रजईतून विचारलं.

“वाचलं,” मी म्हणालो.

“मग?”

“उशीर झाला.”

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

“तेव्हाच वाचता आलं असतं, तर घरी थांबला असतास?”

हो म्हणणं सोपं होतं. “नाही,” मी म्हणालो.

“मग मी लिहिलं कशाला,” ती म्हणाली, आणि तेव्हा ती रडायला लागली. पाण्यात रडली नव्हती. मी खाली बसलो आणि तिच्या प्लास्टरवरचा चिखल फडक्यानं काढायला लागलो. आतला कापूस भिजून बाहेर लोंबत होता. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

आक्सेलनं चष्मा काढला नव्हता. त्यानं स्वतःच्या फोनवर पाण्याचा आकडा उघडला होता आणि तो बराच जवळ धरून बघत होता.

“गुद्रुन,” तो म्हणाला, “हे कुठे मिळतात?”

“दुकानात. पैसे देतो तिथंच टांगलेले असतात. पाकिटात एकदम तीन येतात.”

“कुठल्या नंबरचे घेऊ?”

“ते डॉक्टरला विचार,” मारेन नाक पुसत म्हणाली. “आणि तोवर मामा, कुणालाही ये म्हणू नकोस. बाबा, तूही म्हणू नकोस. मी माझी बघेन आणि मग येईन.”

“बरं,” मी म्हणालो.

“बरं,” आक्सेलही म्हणाला.

गुद्रुननं कॉफी ओतली आणि पलंगांवर चादरी घालायला गेली. खिडकीतून बांध दिसत होता आणि बांधापलीकडे नुसतं पाणी. पुढच्या ओहोटीपर्यंत आम्हाला तिथंच राहायचं होतं. मारेननं फडकं माझ्या हातातून घेतलं आणि आधी माझं तोंड पुसलं.